इंका राज्याचा उदय : आख्यायिका, अवशेष आणि भाषा

इंका राज्याच्या उदयाची जी कथा सोळाव्या शतकातील स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवली, ती मुख्यतः कुस्को येथील राजकुलांच्या तोंडून ऐकलेली होती. इंकांजवळ अक्षरलिपी नव्हती. क्विपू नामक गाठींच्या दोऱ्यांत हिशेब राखले जात आणि पूर्वजांची चरित्रे मौखिक परंपरेने जतन होत. त्यामुळे या कथेत इतिहास किती आणि राजसत्तेचे समर्थन किती, हा प्रश्न अभ्यासकापुढे प्रथमच उभा राहतो.

कथेचे दोन भाग आहेत. पाकारितांबो येथील गुहेतून चार भाऊ व चार बहिणी बाहेर पडल्या आणि त्यांपैकी मान्को कापाक याने कुस्कोत वसती केली, हा पहिला. गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच मूळ तितिकाका सरोवराशी जोडले आहे. दुसरा भाग पाचाकुती याचा. चांका लोकांचे आक्रमण त्याने परतविले आणि एका पिढीत लहानशा राज्याचे साम्राज्य झाले, असे परंपरा सांगते. जॉन रो याने १९४५ साली या घटनेला १४३८ हे वर्ष दिले व ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

अवशेषांची साक्ष याहून निराळी आहे. कुस्कोच्या आग्नेयेस पिकिल्याक्ता येथे वारी सत्तेचे विस्तीर्ण ठाणे होते, इ. स. १००० च्या सुमारास ती सत्ता लयास गेली. त्यानंतर कुस्कोच्या खोऱ्यात किल्के पद्धतीची मृद्भांडी आढळतात. ब्रायन बावर व ॲलन कोव्ही यांच्या पाहणीवरून असे दिसते की, तेराव्या शतकापासूनच कुस्कोचे राज्य शेजाऱ्यांस युद्धाने, विवाहसंबंधाने व सिंचित शेतीच्या बळावर हळूहळू अंकित करीत होते. माचू पिक्चू येथील अस्थींच्या कार्बन-कालमापनाचे १९२१ नव्हे, तर २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्षही तेथील वसती १४२० च्या सुमाराची ठरवितात.

भाषेची साक्षही हेच सुचविते. केचुआ ही इंकांची भाषा व त्यांच्याच विजयांनी ती पसरली, असा समज रूढ होता. परंतु गॅरी पार्कर याने १९६३ साली व आल्फ्रेदो तोरेरो याने १९६४ साली दाखविले की, या भाषाकुलातील सर्वाधिक भेद मध्य पेरूमध्ये आढळतात; म्हणजेच तिचा प्रसार साम्राज्याहून पुष्कळ जुना आहे. उलट कुस्को परिसरातील अनेक स्थलनामे आयमारा भाषेच्या आधारे उलगडतात. राजकुलाची एक स्वतंत्र भाषा होती, असे गार्सिलासो सांगतो. रोदोल्फो सेरोन-पालोमिनो यांच्या मते ती तितिकाका परिसरातील पुकिना होय.

तात्पर्य, राज्याची भाषा, राजकुलाचे मूळ व राज्याची वाढ हे तीन स्वतंत्र प्रश्न होत. आख्यायिकेने ते एकाच पुरुषाच्या पराक्रमात गुंफले. ती गुंफण खोटी म्हणून टाकून देण्याजोगी नव्हे. विजेत्यांस आपला भूतकाळ कसा हवा होता, याचे ते मौलिक साधन आहे. मात्र राज्याच्या वाढीचा कालक्रम त्यावरून ठरविता येत नाही.