शीट प्रोटेक्ट केली आणि मॅक्रो अडला? एरर १००४ ची कारणं आणि उपाय

बारामती-इंदापूर पट्ट्यात गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत. लिटर, फॅट आणि एसएनएफ यांवरून दुधाचे पैसे ठरतात. समजा, एका केंद्राचा हा हिशेब एक्सेलमध्ये आहे. दरपत्रकाला कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून शीट प्रोटेक्ट केली आणि बिल काढायचं बटण दाबताच ‘रन-टाइम एरर १००४’ आली. बाहेर लोक बिलासाठी थांबलेत. मग घाईत प्रोटेक्शन काढलं जातं आणि शीट तशीच उघडी राहते. उद्या दरात ३५ चे ३.५ झाले, तर फटका थेट शेतकऱ्याला बसतो. म्हणून हा प्रॉब्लेम नीट समजून घेऊ.

एरर का येते?

एक्सेलमधला प्रत्येक सेल मुळातच ‘लॉक्ड’ असतो, पण शीट प्रोटेक्ट केल्यावरच ते लॉक लागू होतं. लागू झालं की माणूस लिहितोय की मॅक्रो, हे एक्सेल बघत नाही, दोघांनाही अडवतं. त्यामुळे रोज भरायचे सेल आधी निवडा, ‘फॉरमॅट सेल्स’मधल्या ‘प्रोटेक्शन’ टॅबवर जाऊन ‘लॉक्ड’ची खूण काढा आणि मगच शीट प्रोटेक्ट करा.

उपाय १: उघडा, लिहा, बंद करा

मॅक्रोच्या सुरुवातीला ‘अनप्रोटेक्ट’ आणि शेवटी ‘प्रोटेक्ट’ ही कमांड द्या. धोका एकच: मध्येच एरर आली तर शेवटची ओळ चालत नाही आणि शीट उघडी राहते. म्हणून ‘ऑन एरर गोटू’ वापरून एरर आली तरी मॅक्रो ‘प्रोटेक्ट’च्या ओळीपर्यंत जाईल असं बघा.

उपाय २: फक्त माणसाला अडवा

‘प्रोटेक्ट’ कमांडमध्ये ‘यूजरइंटरफेसओन्ली’ची किंमत ‘ट्रू’ द्या. मग हाताने बदल होत नाही, पण मॅक्रोला लिहिता येतं. मात्र ही सेटिंग फाइलमध्ये सेव्ह होत नाही. फाइल बंद करून उघडली की प्रोटेक्शन राहतं, मॅक्रोची सूट जाते. काल चाललेला मॅक्रो आज अडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ही ओळ ‘वर्कबुक ओपन’ इव्हेंटमध्ये टाका आणि तो इव्हेंट ‘धिसवर्कबुक’मध्येच लिहा. साध्या मॉड्यूलमध्ये तो आपोआप चालत नाही.

तरीही अडतंय? हे तपासा

- मॅक्रो ब्लॉक आहेत का? इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून ब्लॉक करायला सुरुवात केली. मग ‘वर्कबुक ओपन’ही चालत नाही. फाइल ओळखीच्या माणसाचीच असेल, तर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ करा.
- शीट बरोबर आहे का? ‘ॲक्टिव्हशीट’ म्हणजे त्या क्षणी समोर असलेली शीट. त्याऐवजी शीटचं नाव लिहा.
- पासवर्ड जुळतो का? कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक धरला जातो.
- फिल्टर बंद पडला? पुन्हा प्रोटेक्ट करताना ‘अलाउफिल्टरिंग’ दिलं नाही, तर ती परवानगी जाते.
- टेबलमध्ये नवी ओळ जात नाही? इथे उपाय २ पुरत नाही. उपाय १ वापरा.
- नवी शीट तयार होत नाही? मग वर्कबुकचं ‘स्ट्रक्चर’ प्रोटेक्ट असेल. ते वेगळं काढावं लागतं.
- मोबाईलवर बटण चालत नाही? अँड्रॉइड आणि आयफोनवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालतच नाहीत. आकडे मोबाईलवर भरा, बिल कॉम्प्युटरवर काढा.

हे कुलूप किती पक्कं?

शीट प्रोटेक्शन चुकून होणारे बदल थांबवतं. ते तिजोरीचं कुलूप नाही. जाणकार माणूस ते काढू शकतो. मॅक्रोत लिहिलेला पासवर्ड तर कोड उघडला की सरळ दिसतो. बँक खाते नंबरांसारखी माहिती असेल, तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ आणि ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ असं जाऊन पूर्ण फाइललाच पासवर्ड लावा. तो विसरलात तर फाइल उघडणार नाही, म्हणून जपून ठेवा. आणि कोडला हात लावण्याआधी फाइलची एक कॉपी काढून ठेवाच.