पाइपची काजळी

१९१४ च्या ऑक्टोबरात पंचम जॉर्जच्या सतरा वर्षांच्या मुलीने, प्रिन्सेस मेरीने, सैनिकांना नाताळची भेट पाठवण्यासाठी निधी सुरू केला. भेट म्हणजे पितळेची नक्षीदार डबी. ब्रिटिश सैनिक ओढणारा असेल तर सोबत पाइप, एक औंस तंबाखू, वीस सिगारेटी आणि लायटर. न ओढणाऱ्याला लिहिण्याचं सामान आणि आंबट गोळ्या.

हिंदी फौजेची यादी वेगळी होती. गुरख्यांना ब्रिटिशांसारखंच सगळं. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून डबीत खडीसाखर आणि सोबत मसाल्याचा डबा. बाकीच्या हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर, मसाला. पाइप नाही. भिश्ती वगैरे मंडळींना नुसता मसाला आणि शुभेच्छापत्र.

लॅन्सडाउनला पोस्टिंग असताना मी हा हिशेब मांडून पाहिला. फ्रान्सला गेलेल्या गढवाल ब्रिगेडमध्ये ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दोन पलटणी होत्या, सोबत लेस्टरशायरची एक आणि गुरख्यांची एक. म्हणजे यादीप्रमाणे लेस्टरच्या गोऱ्याला पाइप, गुरख्याला पाइप आणि शेजारच्या गढवाल्याला सिगारेट. याच गढवाल्यांतल्या नाईक दरवान सिंग नेगींनी महिनाभर आधी फेस्तुबेरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. यात अपमानाचा हेतू असेल असं मला वाटत नाही. पण कुणाला काय आवडेल हे त्याला न विचारता ठरवण्याची सवय मात्र त्या यादीत स्वच्छ दिसते.

ज्याला पाइप मिळाला त्याचंही काम तिथे संपत नव्हतं. नवा पाइप हा अर्धाच तयार असतो. त्याआधीचे मातीचे पाइप लगेच ओढता येत, पण हाताला चटका देत आणि पडले की फुटत. १९ व्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सें-क्लोद गावच्या कारागिरांनी ब्रायर हाती घेतलं. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीलगत, लाकडाची गाठ धरते, ते हे ब्रायर. गाठी तासन् तास उकळून रस काढायचा, मग महिनोन् महिने वाळवायच्या. हे लाकूड उष्णता सोसतं. तरी शेवटी लाकूडच, जळू शकतं. त्याचं खरं चिलखत म्हणजे आत धरणारी काजळी, आणि ती कुठलाही कारखाना देत नाही, ओढणाऱ्यालाच धरवावी लागते.

रीत साधी, पण उतावळ्याचं काम नाही. ओल्या बोटाने आतली भिंत पुसायची. पहिले काही दिवस पाइप एक तृतीयांशच भरायचा, मग अर्धा, मग पूर्ण. झुरके सावकाश. बाहेरून हात लावून बघायचा. चटका बसला तर खाली ठेवून द्यायचा. तंबाखू तळापर्यंत जळू द्यायची, नाहीतर वर काजळी धरते आणि तळ उघडाच राहतो. एकदा ओढला की दिवसभर विश्रांती. गरम असताना दांडी उपसायची नाही. (तंबाखूची वकिली करत नाही. मेडिकल बोर्डाचे डॉक्टर काय म्हणतात ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे.)

जुन्या पाइपचा प्रश्न उलटा. तिथे काजळी जास्त होते. जाड काजळी तापली की लाकडापेक्षा जास्त फुगते आणि पाइपला तडा जातो. म्हणून दीड मिलिमीटरपलीकडची खरवडायची, बोथट टोकाच्या सुरीने, हळूहळू. वास मुरला असेल तर मीठ भरून त्यावर स्पिरिट किंवा कडक दारू घालून रात्रभर ठेवायचं. इथे कँटीनच्या रमचा असा उपयोग मंजूर नसणारे वाचक बरेच निघतील. एबोनाइटची दांडी उन्हाने हिरवट पिवळी पडते. ती बारीक वॉटर पेपरने घासली की पुन्हा काळी होते.

माझ्याकडचा पाइप असाच जुना आहे. आमचे एक कर्नलसाहेब गेले, त्यानंतर मॅडमनी तो मला दिला. देताना म्हणाल्या, "फार साफ करू नका हं, त्यांचा वास आहे त्यात."

आत बोट जेमतेम जात होतं. न खरवडता पेटवला असता तर पहिल्या थंडीतच फुटला असता, आणि मग वासही गेला असता. तीन संध्याकाळ खरवडत बसलो. मीठ आणि स्पिरिट मात्र वापरलं नाही. लाकडाला लागून मिलिमीटरभर थर ठेवला आहे. तो साहेबांचा. त्यावर माझा आता कुठे धरू लागलाय.