कासवाची पाठ व कासवाचें गांव

नांदेडहून उत्तरेस निघालेला हमरस्ता वारंगा फाट्यापाशीं दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीस जाते, तर दुसरी हदगांववरून यवतमाळकडे वळते. फाट्यावर भेटलेला वाटसरू कोणत्या वाटेनें आला, हें केवळ त्याच्या पोशाखावरून ओळखूं पाहणारा पुष्कळदां फसतो. प्राणिशास्त्रांतही असे फाटे लागतात. एका जातीच्या दोन उपजाति झाल्या कीं नाहीं, हा प्रश्न वंशाच्या वाटेवरील फाट्याचाच होय. आणि कासवाच्या पाठीवरून तो सोडवूं गेलेल्यांची हकीगत मोठी उद्बोधक आहे.

आफ्रिका खंडांत बिबट्यासारख्या ठिपक्यांचें एक थोराड भूचर कासव आढळतें. थॉमस बेल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८२८ सालीं त्यास ‘पार्डालिस’ हें नांव दिलें. पुढें १९३५ सालीं आर्थर लव्हरिज यानें ‘बॅबकॉकी’ ही निराळी उपजाति कल्पिली. खंडाच्या नैर्ऋत्य टोकाकडील कासवें पहिलींत व बाकीचीं दुसरींत, अशी वांटणी रूढ झाली. कासवें पाळणाऱ्या हौशी मंडळींनीं तर खुणांचें कोष्टकच बनविलें. पिलाच्या पाठीवरील खवल्यावर एखादाच काळा ठिपका असला किंवा मुळींच नसला तर तें बॅबकॉकी. दोन वा अधिक असले तर पार्डालिस. पाठ घुमटासारखी उंच तर पहिलें, चपटी तर दुसरें!

परंतु वयाबरोबर ठिपके विसकटतात. बंदिवासांतील अयोग्य आहार व कोरडी हवा यांमुळें कवचाचा आकारही बिघडतो. शेवटीं २०१० सालीं उवे फ्रिट्झ व त्यांचे सहकारी यांनीं या कासवांचें आनुवंशिक द्रव्य तपासलें. तेव्हां वंशाचे फांटे दोहोंहून पुष्कळ अधिक निघाले, आणि ते जुन्या वांटणीशीं जुळेनात. म्हणून उपजाति मानूं नयेत, असाच त्यांनीं अभिप्राय दिला. पाऊणशें वर्षे चाललेलें कोष्टक निराधार ठरलें.

भारतांतील तारांकित कासवाचा प्रश्न याच जातीचा, पण आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. श्येप्फ या जर्मन पंडितानें १७९५ सालीं त्याचें ‘एलेगन्स’ असें नामकरण केलें. याची वस्ती एकसंध नाहीं. एक भाग सिंध, गुजरात व राजस्थानांत. दुसरा आंध्र, कर्नाटक व तामिळनाडूंत. आणि तिसरा सिंहलद्वीपांत. वायव्येकडील कासवें आकारानें मोठीं व रंगानें फिकीं, दक्षिणेकडील लहान व ठळक नक्षीचीं, असें पाळणारे सांगतात. परंतु शास्त्रानें यांच्या उपजाति मानलेल्या नाहींत. मराठी मुलुखाचा बहुतेक भाग पहिल्या दोन प्रदेशांच्या मधला. म्हणून येथील एखाद्या घरांत शुभ समजून ठेवलेलें असें कासव बहुधा परमुलखांतून आलेलें असतें.

मग त्याचें गांव कोणतें? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. चोरट्या व्यापारानें सिंगापुरास गेलेलीं तारांकित कासवें तेथें पकडून हिंदुस्थानांत परत धाडण्यांत आलीं. हैदराबाद येथील पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनीं त्यांच्या मूलस्थानाचा शोध घेतला. त्यांचा २००६ सालीं प्रसिद्ध झालेला निबंध सांगतो कीं, बहुतेकांचा वंश दक्षिण भारतांतील कासवांशीं जुळत होता. जें पाठीवरून खात्रीनें वाचतां येत नव्हतें, तें रक्तानें सांगितलें.

येथें भूतदयेलाही विवेकाची जोड हवी. पाळलेल्या कासवाचा कंटाळा आला, किंवा कायद्याची धास्ती वाटली, म्हणजे पुष्कळ गृहस्थ तें जवळच्या रानांत सोडून पुण्य पदरीं पाडल्याचें समाधान मानतात. कच्छचें कासव कर्नाटकाच्या माळावर सोडलें, तर हजारों वर्षे निराळे राहिलेले वंश मिसळतात, आणि घरांतील रोग रानांत पोंचतात. २०१९ सालीं या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांतील २०२२ च्या दुरुस्तीनें तें पहिल्या अनुसूचींत गेलें असून, तें घरीं बाळगणें हा गुन्हा आहे.

तेव्हां असें कासव हातीं आलें असतां त्याच्या पाठीवरील तारे मोजीत बसूं नये, आणि त्यास रानाची वाटही दाखवूं नये. तें वनखात्याच्या स्वाधीन करावें. त्याचें गांव शोधण्याचें काम जाणत्यांचें आहे. आणि तें सांपडेपर्यंत त्यास फाट्यावरच थांबविणें, हीच खरी दया होय.