धेंपो संघ आणि आर्मांदो कुलासो : एका वियोगाचे परीक्षण

बारामती व इंदापूर तालुक्यांतील सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पाऊस हुकला, ऊस कमी पडला, की गाळप घटते. आणि त्या घटीचा जाब वार्षिक सभेत प्रथम विचारला जातो तो कारखाना चालविणाऱ्यास. अपयशाचे कारण आणि अपयशाच्या वेळी समोर असलेला मनुष्य यांची ही गल्लत सर्वच संस्थांत होते. फुटबॉलच्या संघांत ती विशेष ठळकपणे दिसते, कारण तेथील जमाखर्च दर आठवड्यास लोकांपुढे मांडला जातो. या दृष्टीने गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचा इतिहास अभ्यसनीय आहे.

आर्मांदो कुलासो यांनी या संघाचे मार्गदर्शन सुमारे तेरा वर्षे केले. या काळात संघाने २००४ साली फेडरेशन चषक जिंकला आणि २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० व २०११-१२ असे पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्यांपैकी २००७-०८ चे विजेतेपद नव्याने सुरू झालेल्या आय-लीगचे पहिलेच होय. २००८ साली संघाने आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकाची उपांत्य फेरी गाठली. २०११ साली कुलासो यांच्याकडे काही काळ भारतीय संघाचीही धुरा होती.

पुढच्याच हंगामात, म्हणजे २०१२-१३ मध्ये, घसरण झाली. फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालकडून पराभव पत्करावा लागला. आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्स विजेता व पुणे एफ. सी. उपविजेता ठरला, धेंपो मागे पडला. २०१३ साली कुलासो आणि क्लब यांचा दीर्घ संबंध संपुष्टात आला.

या घसरणीचे मूळ शोधू जाता एक साधी गोष्ट आढळते. २०११-१२ च्या विजेतेपदात रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूने एकट्याने ३२ गोल केले होते. तो २०१२ साली कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला व तेथेही सर्वाधिक गोल करणारा ठरला. संघाच्या आक्रमणाचा कणाच अशा रीतीने निघून गेला होता. मार्गदर्शकाची विद्या एका उन्हाळ्यात आटली असे मानण्यापेक्षा हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. संघास नव्या हाताची गरज होती असा पक्ष मांडता येईल. तेरा वर्षांचा सहवास दोन्ही बाजूंस शिणवितो, हेही नाकारता येत नाही. तथापि ती गरज पराभवांच्या मोजणीने सिद्ध होत नाही.

हॉलंडमधील १९८६ ते २००४ या काळातील सामन्यांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी केला आहे. पडत्या काळानंतर संघ सावरतात खरे. परंतु ज्यांनी मार्गदर्शक बदलला नाही तेही तसेच सावरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे ज्याचे श्रेय बदलास दिले जाते ते पुष्कळदा काळाचेच असते.

उत्तरवृत्तही उद्बोधक आहे. कुलासो २०१३ च्या अखेरीस ईस्ट बंगालकडे गेले आणि तो संघ २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. धेंपो २०१५ साली खालच्या श्रेणीत उतरला. २०१६ साली त्या श्रेणीचे विजेतेपद मिळवूनही गोव्यातील अन्य दोन क्लबांसह तो राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला, व २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. या अवनतीचे सारे उत्तरदायित्व त्या वियोगावर टाकणे हा उलट दिशेने तोच प्रमाद होईल; कारण २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने गोव्याच्या जुन्या क्लबांचे स्थानच बदलून टाकले. परंतु इतके निश्चित म्हणता येते की, जी व्याधी मार्गदर्शकात नव्हती ती मार्गदर्शक गेल्याने बरी झाली नाही. उसाअभावी गाळप घटले असता प्रथम शिवार पाहावे, खुर्ची नंतर. संस्था चालविणाऱ्यांस हा विवेक सर्वत्र सारखाच आवश्यक आहे.