मळणी दुसऱ्यांनी करावी

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, ॲकॅडेमिक प्रकारच्या लेखनात, पहिल्या प्रश्नाला एक आकृती असते. कधी आलेख, कधी तक्ता, कधी वर्तुळाची वाटणी, तर कधी सिमेंट कसं तयार होतं त्याचं चित्र. वीस मिनिटांत किमान दीडशे शब्दांत तिचं वर्णन करायचं. क्लासमध्ये आधी घोटून घेतात ती सुरुवात: आकडे कशाचे, कुठले, कोणत्या वर्षांचे, कोणत्या एककात. ही माहिती प्रश्नातच दिलेली असते, पण प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उचलले तर ते जमेस धरत नाहीत. म्हणून 'शोज'च्या जागी 'इलस्ट्रेट्स' येतं आणि मुलं कामाला लागतात. याच्या जोडीला दुसरी ताकीद असते. मत द्यायचं नाही आणि कारणं सांगायची नाहीत. चहाचा खप १९८० नंतर का घसरला हे पक्कं ठाऊक असलं तरी गप्प बसायचं.

पहिल्या नियमाचं मूळ शोधायला नको, तो नक्कल रोखण्यासाठी आहे. दुसरा नियम मात्र चमत्कारिक आहे. आलेख काढणाऱ्याला काहीतरी म्हणायचं असतं म्हणून तर तो आलेख काढतो. मग आलेख वाचणाऱ्याने तोंडाला कुलूप लावायचं, ही रीत पाडली कुणी?

आलेखाच्या जनकाने तर नक्कीच नाही. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ, जेम्स वॉटच्या कारखान्यातला माजी नकाशानवीस. त्याने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचा ॲटलास छापला. त्यात ४४ आलेख होते. त्यांतला एकच स्तंभालेख होता, तोही स्कॉटलंडचे एका वर्षापुरतेच आकडे हाती होते म्हणून. ईस्ट इंडीजच्या व्यापाराचाही आलेख त्यात आहे. वर्तुळाची वाटणी त्याने १८०१ मध्ये आणली. लोकांनी असलं काही पूर्वी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे आलेख कसा वाचायचा हे प्लेफेअरला शब्दांत समजावावं लागलं. व्यापाऱ्याने रोजच्या मिळकतीच्या गिन्यांची संध्याकाळी एक चवड रचली आणि अशा चवडी ओळीने मांडल्या, तर धंद्याचा चढउतार नजरेला दिसेल, असा त्याचा दाखला. आकृतीची ओळख करून देण्याचा हा मला ठाऊक असलेला सर्वांत जुना नमुना, आणि सर्वांत गोडही. पण प्लेफेअर तिथे थांबत नाही. राष्ट्रीय कर्ज, कर, व्यापारातला तोटा यांवर तो हिरिरीने बोलतो. आजच्या परीक्षकाने त्याचे गुण कापले असते.

हा तोंड बंद ठेवण्याचा नियम मला सापडला तो १८३४ मध्ये. त्या वर्षी लंडनला स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन झाली, आजची रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी. संस्थापकांत चार्ल्स बॅबेज, थॉमस माल्थस, रिचर्ड जोन्स अशी मंडळी होती. सोसायटीने स्वतःला पहिलंच बंधन घालून घेतलं की आपल्या कामकाजातून आणि प्रकाशनांतून मतं कटाक्षाने वगळायची आणि फक्त तथ्यं मांडायची. बोधचिन्ह निवडलं गव्हाच्या पेंढीचं, आणि खाली लॅटिन ब्रीद, ज्याचा भाव असा: मळणी दुसऱ्यांनी करावी. आपण पेंढ्या बांधून खळ्यावर आणून टाकायच्या. त्यातून दाणे कुणी काढायचे ते काढोत.

आयेल्ट्सच्या गुणदानाच्या निकषांत म्हटलं आहे की हा प्रश्न आकृतीतल्या तथ्यांपुरता आहे, आकृतीबाहेरच्या तर्कांशी त्याचा संबंध नाही. ते वाचलं आणि मला ती पेंढीच आठवली.

गंमत पुढे आहे. माल्थस हेलीबरीच्या ईस्ट इंडिया कॉलेजात प्राध्यापक होता. डिसेंबर १८३४ मध्ये तो वारला आणि त्याच्या जागी आला तो रिचर्ड जोन्स. म्हणजे 'मत नको' म्हणणाऱ्यांपैकी दोघं जण कंपनी सरकारच्या भावी कलेक्टरांचे मास्तर. माल्थसच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल आपल्याकडेच आला. पुणे जिल्ह्यात त्याने जमिनीची मोजणी केली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्यावर सारा बसवला. कागदावर नुसते आकडे, मत कुठेही नाही. मत होतं ते 'निव्वळ उत्पन्न' या रकान्यातच दडलेलं, कारण तो रकाना मुळात मास्तरांच्या जमिनीच्या खंडाच्या सिद्धान्तातून आलेला. इंदापूरकडे जमिनी पडीक पडल्या, रयत गावं सोडून गेली, आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना सगळं नव्याने करावं लागलं.

सोसायटी आणि आपला मुलूख यांच्यातला दुसरा दुवा विल्यम हेन्री साइक्स. हा १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार नेमलं. दख्खनभर फिरून त्याने माणसं, पिकं, पाऊस, मासे, पक्षी सगळं नोंदवलं. पक्षीवेडे त्याच्या नावाचा चंडोल ओळखतात. हाच साइक्स १८६३ मध्ये सोसायटीचा अध्यक्ष झाला. तोवर ते ब्रीद मात्र गळालं होतं. मतांशिवाय चालत नाही हे कळायला सोसायटीला तेवीस वर्षं लागली. १८५७ मध्ये ब्रीद काढलं आणि पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल सभासद झाली. सैनिकांच्या मृत्यूंच्या तिच्या प्रसिद्ध आकृतीखालचा मजकूर निळी, लाल आणि काळी पाकळी काय दाखवते, क्षेत्रफळ कुठून मोजायचं, एवढंच शांतपणे सांगतो. हेतू मात्र सरकारला खडसावण्याचाच होता.

लंडनने टाकलेली पेंढी परीक्षेच्या खळ्यावर कशी आली? माझा तर्क असा की ती आपल्या कचेऱ्यांतून गेली. मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स १८७७ पासून निघू लागली. त्यात आणि जनगणनेच्या, महसुलाच्या अहवालांत पानोपानी एकच साचा दिसतो: 'द फॉलोइंग स्टेटमेंट शोज', आणि खाली तक्ता. 'द ग्राफ शोज'चा हा सख्खा आजोबा. त्याचा मराठी भाऊ आजही सरकारी कागदावर नांदतो: 'खालील तक्त्यावरून असे दिसून येते की'. दहावीच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच तो वापरला आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सारांशलेखनाचा. ब्रिटनच्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षांत सारांश काढायला लावत आणि पदरचं काही घालू देत नसत. मूळ तेच, असं काही जण म्हणतील. मला पटत नाही. सारांशात मूळ लेखकाचं मत टिकवायचं असतं, आणि इथे तर कुणाचंच मत लिहायचं नसतं. दुसरा आक्षेप जड आहे. १९८० मध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिजने आणलेल्या ईएलटीएस परीक्षेत वैद्यक, तंत्रज्ञान, समाजशास्त्र असे विषयवार भाग होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया सामील होऊन तिचं आयेल्ट्स झालं. १९९५ मध्ये विषयवार भाग गेले आणि नर्सला, इंजिनिअरला, वकिलाला एकच आलेख आला. कारणं लिहू दिली तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचं फावणार, म्हणून बंदी. हे खरंच आहे. पण यातून बंदी का टिकली तेवढंच कळतं. तिचा तो कोरडा, हात झटकणारा सूर कुठून आला ते कळत नाही.

कचेऱ्यांतला साचा आणि ही परीक्षा यांच्यातली मधली कडी भाषाशिक्षणतज्ज्ञ हेन्री विडोसनची. १९७० च्या दशकात त्याने भाषाशिक्षणात 'इन्फर्मेशन ट्रान्स्फर' रुजवलं: आकृतीचा मजकूर करायचा, मजकुराची आकृती करायची. आयेल्ट्स आपल्या पहिल्या प्रश्नाला हेच नाव देतं, आणि आपल्या एसएससी बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरातही ते आहे. शेवगावची मुलगी दहावीत जो प्रश्न सोडवते, तोच पुढे मेलबर्नला जाताना पुन्हा सोडवते, फक्त फी वेगळी.

आता परीक्षेची खोच पाहा. मत नको म्हणणारी सूचनाच सांगते की मुख्य गोष्टी निवडा आणि तुलना करा. सातचा बँड हवा असेल तर एकूण चित्र काय दिसतं हे स्पष्ट सांगावं लागतं. चौदा आकड्यांतले कोणते दोन महत्त्वाचे, हे ठरवणं म्हणजे मत नाही तर काय? पूर्वी निदान कुणासाठी लिहायचं ते प्रश्नात असे: विद्यापीठातल्या व्याख्यात्यासाठी अहवाल लिहा. म्हणजे मळणी करणारा कुणीतरी होता. ती ओळ पुढे काढून टाकली.