धरणापासून माठापर्यंत : चादरघाटच्या पाण्याचा इतिहास

एखाद्या शहराच्या पाण्याचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप धरणांकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. धरणाला शिलालेख असतो, त्याच्या दफ्तरात खर्चाचे आकडे असतात, उद्घाटनाची तारीख असते. माठाला यांपैकी काहीच नसते. तथापि माणूस पाणी पितो ते माठातले. धरण आणि माठ यांच्यामध्ये जी लांब वाट आहे, तिच्यातील शेवटची पन्नास पावले, म्हणजे रस्त्याखालच्या नळापासून माजघरातील माठापर्यंतचे अंतर, हा आमच्या मते पाण्याच्या इतिहासातील अत्यंत उपेक्षित प्रांत होय. ज्या उपनगरात आमची हयात गेली त्या हैदराबादच्या चादरघाटाच्या आधाराने या प्रांताची थोडी ओळख करून देण्याचा येथे विचार आहे.

आज चादरघाट, सुलतान बाजार, काचीगुडा हे भाग शहराच्या पोटात गेले आहेत. परंतु एके काळी मुसी नदीच्या दक्षिणेला चारमिनारच्या भोवतालचे शहर, आणि उत्तर तीरावर हे उपनगर, असा स्पष्ट भेद होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. तिच्या आश्रयाने बाजार वसले, सावकारी पेढ्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, वकील, शिक्षक अशी मराठी कुटुंबेही स्थिरावली. १८८६ साली चादरघाटाला स्वतंत्र नगरपालिका मिळाली आणि १९३३ साली ती शहराच्या नगरपालिकेत विलीन झाली. म्हणजे सुमारे अर्धे शतक या उपनगराने आपल्या रस्त्यांचा, दिव्यांचा आणि गटारांचा संसार वेगळा थाटला होता.

या काळातील घरांचे पाणी आडाचे असे. घराच्या मागील अंगणात आड, त्यावर रहाट, बाजूला दगडी डोण. ज्यांच्या घरी आड नसे त्यांच्याकडे भिस्ती पखालीने पाणी घालीत. आडाभोवती गृहिणींनी एक संपूर्ण शिस्त उभारली होती. पिण्याचा पोहरा वेगळा, पाणी दुहेरी-चौपदरी फडक्यातून गाळावयाचे, हंडा रोज घासावयाचा, माठात हात बुडवावयाचा नाही. या शिस्तीस सोवळ्याओवळ्याचा वेढा होता आणि त्यापायी अनेकांस आडाच्या काठावरही येऊ दिले जात नसे, हा कलंक लपवून चालणार नाही. परंतु त्या शिस्तीतील काही भागाला शास्त्राचा दुजोरा मागाहून मिळाला हेही खरे. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांस चिकटून राहतात; म्हणून जुन्या साडीच्या चौपदरी फडक्यातून पाणी गाळले असता पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे बांगलादेशातील खेड्यांत केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

असे असूनही त्या काळी पटकीने घरेच्या घरे ओस पडत. याचे कारण अंगणातच होते. ज्या अंगणात आड त्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात शौचकूप असे. हैदराबाद ज्या भूमीवर वसले आहे ती ग्रॅनाइटाची; वर मुरमाचा पातळ थर आणि खाली भेगाळलेला खडक. वाळूच्या जाड थरातून झिरपणारे पाणी गाळले जाते, खडकाच्या भेगांतून वाहणारे पाणी फारसे गाळले जात नाही. पावसाळ्यात भूजल वर चढले म्हणजे शौचकूपातील घाण अल्पावधीत आडात उतरे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचे जंतू दाखवून दिले, तेव्हा या गोष्टीचा खरा उलगडा झाला. फडके एक शत्रू अडवीत होते. जे त्यातून निसटत होते त्यांची गृहिणीला वार्ताही नव्हती. जुन्या घरात दक्षता होती, ज्ञान नव्हते.

या व्यवस्थेला पहिला जबर धक्का नदीने दिला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली, चादरघाटच्या पुलासह तीन पूल मोडले आणि दोन्ही तीरांवरील वस्ती उद्ध्वस्त झाली. पूर पुन्हा येऊ नये यासाठी निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी. मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, पुणे या भागांत त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधावेत, असा सल्ला त्यांनी दिला. त्यानुसार १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. जे जलाशय पूर अडविण्यासाठी कल्पिले गेले तेच शहराचे पाणवठे झाले. उस्मानसागराचे पाणी केवळ उताराच्या बळावर आसफनगरच्या गाळणी केंद्रात येई आणि तेथून नळांनी घरोघर जाई.

येथे एक बाब आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. नळ आधी आले, मलवाहिन्या मागाहून आल्या. भूमिगत मलवाहिन्यांची पहिली योजना १९३१ च्या सुमाराची, आणि तीही सुमारे पाच लाख वस्तीच्या हिशेबाने आखलेली. अरुंद गल्ल्यांत आधी पिण्याचा नळ पुरलेला. त्याच्याच शेजारी, कोठे वर तर कोठे खाली, मलवाहिनी पुरावी लागली. वस्ती अनेक पटींनी वाढली, वाड्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या, परंतु गल्लीची रुंदी तेवढीच राहिली. जमिनीखाली हे दोन शेजारी आज किती जवळ नांदत आहेत याची कल्पना वरून चालणाऱ्यास येत नाही.

नळाने घराचा स्वभावही पालटला. पाणी आता सरकारचे झाले, आणि सरकारचे झाले म्हणून शुद्ध मानले गेले. आड ओस पडले. काही बुजविले गेले, काहींत केरकचरा पडू लागला. फडके गेले, कारण गाळलेले पाणी पुन्हा गाळण्याचे प्रयोजन उरले नाही. थोडक्यात, ज्ञान आले आणि दक्षता गेली.

पुढे शहराची तहान मुसीच्या आवाक्याबाहेर गेली. १९६५ पासून मांजरेचे, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे पाणी हैदराबादेत येऊ लागले. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरी. हैदराबादच्या मराठी माणसाने देश सोडला, परंतु देशाच्या नद्या त्याचा शोध घेत त्याच्या दारी आल्या, असे म्हणण्याचा मोह आम्हांस नेहमी होतो. परंतु दुरून, डोंगर-पठारे ओलांडून आणि शुद्ध होऊन आलेले हे पाणी बिघडते ते बहुधा आमच्या गल्लीतच.

ते कसे, हे समजून घेणे अवघड नाही. जुन्या वस्त्यांत पाणी अष्टौप्रहर येत नाही. एक दिवसाआड, तासदोन तास येते. नळ भरलेला व दाबाखाली असतो तोवर त्याच्या फटीतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद होऊन दाब ओसरला म्हणजे ही क्रिया उलट होते. नळाभोवतीची ओल, मग ती मलवाहिनीतून झिरपलेली का असेना, त्याच फटीतून आत शिरते. कोणी नळाला थेट मोटार लावली तर हे शोषण अधिकच बळावते. २००५ साली हैदराबादेत यकृताला सूज आणणाऱ्या 'ई' प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली, तेव्हा ज्या वस्त्यांचे नळ उघड्या गटारांना ओलांडून जात होते तेथे रोगाचे प्रमाण इतरांहून कितीतरी पटींनी अधिक आढळले. २००९ च्या मे महिन्यात भोलकपूर या जुन्या वस्तीत दूषित पाण्याने काही जणांचे प्राण गेले आणि शेकडोंना रुग्णालयात जावे लागले. दोन्ही प्रसंगी घात वाटेत झाला होता.

शिवाय, पाणी रोज येत नाही म्हणून साठवावे लागते. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे जंतू डासाच्या जठरात प्रथम पाहिले ते आमच्या उपनगरापासून काही कोसांवर, सिकंदराबादेच्या छावणीत. ज्या परिसरात हा शोध लागला तेथेच आज घरोघरच्या उघड्या हौदांत आणि पिंपांत डासांची पैदास होते, हा इतिहासाचा उपहासच म्हणावयाचा.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या शाळेतील काही मुले पाठोपाठ काविळीने आजारी पडली. एका मुलाच्या आजी आम्हांस भेटावयास आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, शाळेच्या पाण्याला वास येतो असं पोर म्हणत होतं." आम्ही त्यांना आदराने बसविले आणि पाणी नळाचे आहे, काळजी नसावी, असे ठामपणे सांगितले. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने पुरावा न पाहता दिलेला तो निर्वाळा होता. पुढे विज्ञानाच्या बाईंनी आग्रह धरला म्हणून अंगणातील जमिनीखालचा हौद, ज्यास इकडे सर्वजण 'संप' म्हणतात, तो उपसला. त्याच्या एका भिंतीस बोटभर चीर होती आणि भिंतीपलीकडे जुन्या गटाराची ओल होती. हौद शेवटचा केव्हा धुतला होता हे आम्हांस सांगता येईना. मुले बरी झाली. आजींकडे जाऊन आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या आडाला निदान रोज कुणीतरी वाकून बघत होतं."

त्या एका वाक्यात आम्हांस या सर्व इतिहासाचे सार दिसले. आडाकडे परतावे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु आडात वाकून पाहण्याची सवय तेवढी नळाच्या युगात यावयास हवी, आणि तिला आज ज्ञानाची जोड देणे फारसे कठीण नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक साधी कागदी पट्टी पुढे आणली. बाटलीत पट्टी ठेवून पाणी भरावे. पाण्यात मलजन्य जंतूंचा संसर्ग असल्यास एक-दोन दिवसांत ते बहुधा काळे पडते. नळाच्या टोकाशी पाण्यात लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, हे मानकही आहे. ते आहे की नाही हे वर्गातील मुलांना रंग पाहून मिनिटभरात सांगता येते. आमच्या शाळेत आता नववीची मुले दर सोमवारी ही नोंद करतात. वही फळ्याशेजारी टांगलेली असते आणि पालकांना ती पाहण्यास मुभा आहे.

शिक्षकबंधूंना आणि परिषदेच्या सभासदांना आमची आणखी एक विनंती आहे. १९०८ च्या पुरानंतर लेओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली हैदराबादचे अत्यंत बारकाईचे नकाशे तयार झाले. अशा नकाशांवर आपली गल्ली शोधावी. वृद्धांना विचारून आड कोठे होते, कोणते बुजले, नाला कोठून वाहत होता, नळ कोठून आला, हे मुलांकडून टिपून घ्यावे. वडोदरे, इंदूर, बेळगाव येथील जुन्या मराठी वस्त्यांतही हे काम होण्याजोगे आहे. ज्यांनी ते आड पाहिले, त्यांचे पाणी ओढले, ती पिढी आता थोडीच उरली आहे. तिच्या आठवणी लिहून ठेवल्या तर साहित्याची सेवा होईलच. शिवाय पुढच्या पावसाळ्यात एखादी चीर वेळीच सापडेल. इतिहासाच्या अध्यापकाने आपल्या विषयाचा उपयोग काय, या प्रश्नास याहून निराळे उत्तर शोधण्याची गरज आम्हांस वाटत नाही.