ढोल ऐकून आकार

मडके घेताना आपण टिचकी मारतो. आवाजावरून चीर कळते. पण नुसत्या आवाजावरून वस्तूचा सबंध आकार कळेल काय? पोलंडात वाढलेले गणिती मार्क काट्स यांनी १९६६ साली अमेरिकेत हा प्रश्न ढोलाविषयी विचारला. ढोल पाहायचा नाही, त्याचे सारे सूर तेवढे अचूक ऐकायचे! सुरांवरून कातड्याचे क्षेत्रफळ निघते, हे हेर्मान वाइल यांनी १९११ सालीच दाखवले होते. आकाराचे कोडे मात्र अडून बसले. अखेर १९९२ मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट या तिघांनी दोन कोनाकोनांचे, निरनिराळ्या आकारांचे ढोल कागदावर रचले. सूर दोहोंचे तंतोतंत एक! मागच्या बाकावरचा पोरगा आवाजावरून हुडकणाऱ्या मजसारख्या मास्तराला हा धक्काच. १९९४ मध्ये श्रीधर आणि कुद्रोली यांनी त्याच आकारांच्या धातूच्या पोकळ्यांत सूक्ष्मतरंग सोडून पडताळा घेतला. तो जुळला.